पलाऊच्या तळ्यात सनस्क्रीनला मज्जाव

कोरोर गावच्या धक्क्यावरून निघालेली मोटरबोट पाऊण तासात एइल माल्क नावाच्या निर्मनुष्य बेटाला लागते. बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला चुनखडीचा काळपट कातळ आणि त्यावर दाटलेले रान. दोरखंडाचा आधार घेत टेकडी चढायची, पलीकडे उतरायची आणि लाकडी धक्क्यावरून हिरवट पाण्यात शिरायचे. सुरुवातीला पाणी रिकामेच दिसते. मग चहाच्या बशीएवढा एक सोनेरी गोळा धडधडत्या हृदयासारखा आकसत-फुलत समोर येतो. त्याच्यामागे दोन, मग दहा. तळ्याच्या उन्हातल्या भागात पोहोचेपर्यंत वर-खाली, डावी-उजवीकडे जेलीफिशखेरीज काही दिसतच नाही. गालाला, हाताला ते हलकेच घासून जातात. त्यांचा डंख इतका सौम्य असतो, की बहुतेकांना तो जाणवतही नाही. फार तर ओठांपाशी थोडी चुणचुण होते.

प्रशांत महासागराच्या पश्चिम भागात, फिलिपिन्सच्या पूर्वेला असलेल्या पलाऊ या देशाचे हे सर्वांत प्रसिद्ध तळे. स्थानिक भाषेत त्याचे नाव ओंगेइम्ल त्केताउ, म्हणजे ‘पाचवे तळे’. बाकी जग त्याला जेलीफिश लेक म्हणून ओळखते. पलाऊची लोकसंख्या १८ हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाहूनही कमी. बेटे मात्र तीनशेहून अधिक. पांढरी वाळू, निळे-हिरवे पाणी, दुसऱ्या महायुद्धात बुडालेली जपानी जहाजे आणि प्रवाळांच्या उभ्या भिंती पाहायला जगभरचे डायव्हर तिथे जातात. २०१५ साली दीड लाखाहून अधिक पर्यटक आले, म्हणजे लोकसंख्येच्या आठपटींपेक्षा जास्त. देशाचे पोट बऱ्याच अंशी याच पाहुण्यांवर चालते. या छोट्या देशाने २०२० मध्ये त्या पाहुण्यांच्या पिशवीतल्या सनस्क्रीनच्या ट्यूबवर बंदी घातली. त्याची पाळेमुळे या तळ्यात आहेत आणि त्याहून जुनी पाळेमुळे तिथल्या एका रूढीत.

आधी तळ्याविषयी. सुमारे १२ हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ओसरताना समुद्राची पातळी वाढत गेली आणि बेटाच्या पोटातल्या या खोलगट जागेत कातळाच्या भेगांमधून समुद्राचे पाणी शिरले. त्याबरोबर काही जेलीफिशही आत आले आणि अडकले. आजही भरती-ओहोटीचे पाणी त्या भेगांतून झिरपत राहते, पण मोठे प्राणी ये-जा करू शकत नाहीत. जेमतेम अर्धा किलोमीटर लांबीचे आणि सुमारे ३० मीटर खोलीचे हे तळे म्हणजे निसर्गाने मांडलेली बंद बरणीच आहे.

बरणीत दोन थर आहेत. वरच्या सुमारे १५ मीटरमध्ये प्राणवायू आहे, जीवन आहे. त्याखाली गुलाबी-जांभळ्या जिवाणूंची एक दाट साय पसरलेली आहे आणि तिच्याखालच्या पाण्यात प्राणवायूचा मागमूसही नाही. तिथे साठला आहे हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजलेल्या अंड्याच्या वासाचा तोच विषारी वायू. तो त्वचेतूनही शरीरात जाऊ शकतो. म्हणून इथे हवेची टाकी लावून खोल उतरायला मनाई आहे. फक्त मुखवटा आणि नळी लावून वरच्यावर पोहायचे. या मनाईला दुसरेही कारण आहे. टाकीच्या हवेचे बुडबुडे जेलीफिशच्या छत्रीखाली अडकले की त्यांना इजा होते.

सोनेरी जेलीफिशचे पोट भरते ते मुख्यतः उन्हावर. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषण करून साखर तयार करते आणि त्यातला वाटा यजमानाला देते. भाडेकरूला ऊन मिळावे म्हणून यजमान दिवसभर चालत राहतो. सकाळी लाखो जेलीफिशचा थवा पूर्वेकडे सरकतो, दुपारनंतर पश्चिमेकडे फिरतो. किनाऱ्यावरच्या झाडांची सावली जिथे सुरू होते त्या रेषेपाशी मात्र थबकतो. त्या सावलीत, पाण्यातल्या मुळ्या-फांद्यांना चिकटून जेलीफिश खाणारी पांढरी समुद्रफुले बसलेली असतात. सावलीत गेला तो संपला. रात्री हेच प्राणी खाली, विषारी थराच्या सीमेपर्यंत उतरतात आणि तिथले नायट्रोजनयुक्त पोषक घटक आपल्या शैवालासाठी घेऊन येतात. दिवसा ऊन दाखवायचे, रात्री खत आणायचे, अशी ही शेती आहे.

असा नाजूक हिशेब बिघडायला फार काही लागत नाही. १९९७-९८ च्या तीव्र एल निनोनंतर तळ्याचे पाणी ३१ अंश सेल्सिअसच्या पुढे तापले. शैवालाने साथ सोडली आणि १९९८ च्या अखेरीस सोनेरी जेलीफिश दिसेनासे झाले. शैवालावर अवलंबून नसलेली, त्याच तळ्यातली ‘मून जेलीफिश’ ही दुसरी जात मात्र तगली. सोनेरी जेलीफिशचा संपूर्ण नायनाट झाला नव्हता, कारण त्यांच्या जीवनचक्रात एक अवस्था तळाच्या आसपास खडकांना, पानांना चिकटून राहणाऱ्या चिमुकल्या पॉलिपची असते. हे पॉलिप तग धरून राहिले आणि पाणी निवल्यावर त्यांच्यापासून नवे जेलीफिश सुटले. २००० साली तळे पुन्हा भरू लागले. २०१६ मध्ये तेच पुन्हा घडले. पुन्हा एल निनो, त्या वर्षीच्या पहिल्या चार महिन्यांत भीषण अवर्षण, पाऊस नसल्याने वाढलेला खारटपणा आणि तापलेले पाणी. तळे रिकामे झाले, सहली थांबल्या. २०१८ च्या अखेरीस ते पुन्हा खुले करण्याइतके जेलीफिश परतले.

ट्यूबमध्ये काय असते?

याच मधल्या काळात, २०१७ साली, कोरोरच्या कोरल रीफ रिसर्च फाउंडेशनच्या संशोधकांनी तळ्याचे पाणी, गाळ आणि जेलीफिशच्या पेशी तपासल्या. तिन्ही ठिकाणी सनस्क्रीनमधल्या रसायनांचा अंश सापडला. त्यात ऑक्सिबेन्झोन होते, आणि ते शरीरात गेल्यावर बनणारे उपपदार्थही होते. जेलीफिश मरण्याचे कारण सनस्क्रीन होते असा त्याचा अर्थ नाही. ते खापर उष्णता आणि अवर्षणाकडेच जाते. पण रोज शेकडो माणसे अंगाला मलम फासून ज्या बंद पाण्यात उतरतात, तिथे ते मलम साठून राहते, हे सिद्ध झाले. उघड्या समुद्रात ते भरतीबरोबर विरळ होऊन जाते; बरणीत जायला जागाच नाही.

२०१८ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष टॉमी रेमेंगेसाऊ यांनी कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी २०२० पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ऑक्टोक्रिलीन आणि काही संरक्षक रसायने मिळून १० घटक असलेल्या सनस्क्रीनवर पलाऊत बंदी आली. विकणाऱ्याला १००० डॉलरपर्यंत दंड. पाहुण्याच्या सामानात सापडल्यास ट्यूब जप्त. हवाई राज्यानेही २०१८ मध्येच असा कायदा केला होता, पण त्यात दोनच रसायने होती आणि अंमल २०२१ पासून होता. संपूर्ण देशभर अशी बंदी आणणारा पलाऊ पहिला.

या बंदीमागचे विज्ञान किती पक्के आहे? हा प्रश्न तितकासा सोपा नाही. ऑक्सिबेन्झोनमुळे प्रवाळांच्या अळ्यांमध्ये विकृती येते, त्या उन्हात अधिक लवकर विरंजित होतात, असे प्रयोगशाळेतल्या अभ्यासातून २०१५-१६ च्या सुमारास पुढे आले. त्यावर आक्षेपही घेतले गेले: प्रयोगात वापरलेली मात्रा समुद्रात सहसा आढळते त्यापेक्षा बरीच जास्त होती, आणि कुठल्या रसायनाची किती मात्रा किती काळ राहिली तर प्रवाळ मरतो, याचे मोजमाप अजून कच्चे होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०२२ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवले. पर्यावरणीय जोखमीचे रीतसर मूल्यमापन करा, असे सांगतानाच लोकांनी सनस्क्रीन वापरणे कमी केले तर त्याचे आरोग्यावर काय परिणाम होतील तेही तपासा, असे तिने सुचवले.

त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी एक कोडे सोडवले. माणसाच्या त्वचेवर ऑक्सिबेन्झोन अतिनील किरण शोषून त्यांची निरुपद्रवी उष्णता करते. मग तेच समुद्री जिवाला घातक कसे ठरते? त्यांनी समुद्रफुलांवर प्रयोग केले. ही प्रवाळांचीच भावकी, आणि प्रयोगशाळेत वाढवायला सोपी. असे दिसले, की समुद्रफूल हे रसायन शरीराबाहेर टाकण्यासाठी त्याला साखरेचा एक रेणू जोडते. माणसाचे शरीरही नको असलेली रसायने पाण्यात विरघळणारी करण्यासाठी याच धर्तीचा उपाय करते. पण इथे घात होतो. साखर जोडलेले ऑक्सिबेन्झोन ऊन पडल्यावर किरण जिरवण्याऐवजी पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू तयार करू लागते. ढाल भाल्यासारखी फिरते. आणखी एक गोष्ट दिसली: शरीरात शैवाल असलेली समुद्रफुले जास्त काळ तगली, कारण शैवालाने ते विष स्वतःकडे ओढून घेतले. म्हणजे उष्णतेने आधीच शैवाल गमावलेले, पांढरे पडलेले प्रवाळ या रसायनापुढे अधिक उघडे. प्रयोगशाळेतून समुद्रात जाताना हे निष्कर्ष किती टिकतात ते पाहावे लागेल. पण ‘उगाच घाबरवतात’ असे म्हणून सोडून देण्यासारखे ते नाहीत.

माणसाच्या बाजूचेही थोडे सांगायला हवे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये २४ निरोगी स्वयंसेवकांच्या शरीराच्या तीन चतुर्थांश भागावर दिवसातून चार वेळा, चार दिवस सनस्क्रीन लावले. ऑक्सिबेन्झोनसह तपासलेले घटक रक्तात उतरले, आणि त्यांचे प्रमाण सुरक्षिततेच्या आणखी चाचण्यांशिवाय दुर्लक्ष करता येईल अशा मर्यादेपेक्षा जास्त निघाले. रक्तात आले म्हणजे अपाय झालाच, असे नाही. प्रशासनानेही सनस्क्रीन वापरणे थांबवू नका, असेच सांगितले. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हे दोन खनिज घटक मात्र सध्याच्या पुराव्यावरून सुरक्षित व परिणामकारक मानता येतील, असा त्या प्रशासनाचा प्रस्ताव आहे.

तेव्हा विषुववृत्ताजवळच्या उन्हात उघड्या अंगाने पोहायचे असे कुणी म्हणत नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा, टोपी, दुपारी बोटीच्या छपराखाली बसणे आणि उघड्या राहणाऱ्या चेहरा-मानेला झिंक ऑक्साइडचे मलम, एवढ्यावर भागते. पांढरे पट्टे उठतात; फोटोत चांगले दिसत नाही, इतकेच. ट्यूबवर ‘रीफ सेफ’ लिहिलेले असले म्हणजे निश्चिंत होऊ नये, कारण त्या शब्दांची कायदेशीर व्याख्या अमेरिकेतही नाही. मागची बारीक अक्षरे वाचायची. तिथे ऑक्सिबेन्झोन कधी कधी ‘बेन्झोफेनोन-३’ या नावाने बसलेले असते.

शेवटचा दिवस जमिनीवर

पलाऊला जाणाऱ्या डायव्हरांचे मुख्य आकर्षण तळे नसून ‘ब्लू कॉर्नर’सारख्या जागा असतात. तिथे प्रवाळाचे पठार एकदम खोल निळ्या पाण्यात तुटते आणि जोरदार प्रवाहात शार्क घारीसारखे तरंगत राहतात. डायव्हर दोरीला बांधलेला आकडा मृत खडकात अडकवून पतंगासारखे त्या प्रवाहात लटकतात. दाबाखालच्या हवेतला नायट्रोजन रक्तात, चरबीत विरघळत जातो; वर येताना घाई केली, किंवा वर आल्यावर लगेच विमानात बसून हवेचा दाब आणखी कमी केला, तर तोच नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो. सोड्याची बाटली उघडल्यासारखे होते. सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकते. म्हणून सलग काही दिवस पाण्यात उतरलेल्याने विमानापूर्वी किमान १८ तास थांबावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. परिणामी शेवटचा दिवस जमिनीवर जातो. पाण्यात काय चालले आहे ते खरे तर त्याच दिवशी कळते.

बाबेल्दाओब या मोठ्या बेटावर आइराई गावात शंभर वर्षांहून जुने ‘बाइ’ उभे आहे. बाइ म्हणजे गावच्या प्रमुखांचे सभागृह: उंच, टोकदार छप्पर, खिळ्यांशिवाय बांधलेले लाकूड आणि तुळयांवर रंगवलेल्या दंतकथा. आत बसायचे पुरुषांनी. पण कोण बसणार हे ठरवायचे बायकांनी. पलाऊचा समाज मातृवंशीय आहे. कुळातल्या ज्येष्ठ स्त्रिया प्रमुखाची निवड करतात आणि तो नालायक निघाला तर पदावरून उतरवूही शकतात. अळूची ओलीची शेतेही त्यांचीच. अळकुड्या हे तिथले पिढ्यान्‌पिढ्यांचे मुख्य अन्न. पुरुषांकडे समुद्र.

बाइमध्ये बसलेल्या प्रमुखांकडे एक मोठा अधिकार होता, ‘बुल’. एखाद्या खडकाभोवती, एखाद्या खाडीत मासे कमी होऊ लागले, किंवा मासे अंडी घालायला जमण्याचे दिवस आले, की तिथे बुल पुकारायचा: अमुक काळ इथे कुणी जाळे टाकायचे नाही. आपल्या कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवण्याची रीत होती, तिच्याशी याचे नाते सहज जुळते. फरक एवढाच, की बुल मोसमापुरता, वर्षापुरता किंवा बेमुदतही असू शकतो आणि नेमक्या जागेपुरताही.

ही केवळ श्रद्धा नव्हती. रॉबर्ट जोहान्स या सागरी जीवशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात पलाऊच्या मच्छीमारांबरोबर राहून त्यांचे ज्ञान टिपून घेतले; १९८१ मध्ये ‘वर्ड्स ऑफ द लगून’ हे त्याचे पुस्तक आले. कुठला मासा चंद्राच्या कुठल्या तिथीला, कुठल्या खाडीच्या तोंडाशी अंडी घालायला जमतो, हे त्या मच्छीमारांना तोंडपाठ होते. अशा अनेक जातींची शास्त्रीय वाङ्मयात तेव्हा नोंदच नव्हती. हे ज्ञान दुधारी असते हेही जोहान्सच्या लक्षात आले. मासे कधी, कुठे गोळा होतात हे ज्याला ठाऊक, तो त्यांना वाचवू शकतो आणि एका रात्रीत साफही करू शकतो. मोटरबोटी, बर्फ आणि परदेशी खरेदीदार आल्यावर दुसरेच घडू लागले. ग्रूपर, म्हणजे कोकणात ज्याला गोब्रा किंवा हेकरू म्हणतात तो मासा, अंडी घालायच्या जागीच पकडला जाऊ लागला.

१९९४ मध्ये, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, उत्तरेकडच्या न्गारचेलाँग आणि कायांगेल इथल्या प्रमुखांनी ग्रूपरच्या वाटेवरच्या आठ खाड्यांवर बुल पुकारला. जुन्या रूढीला नव्या कायद्याची जोड मिळत गेली. २००३ मध्ये संरक्षित क्षेत्रांचे जाळे कायद्याने उभे राहिले. त्याचा खर्च पाहुण्यांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून भागू लागला. आज परदेशी प्रवाशाच्या विमान तिकिटातच १०० डॉलरचे पर्यावरण शुल्क धरलेले असते. २००९ मध्ये पलाऊने आपला सगळा समुद्र शार्कसाठी अभयारण्य जाहीर केला. असे करणारा तो पहिला देश. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियन संशोधकांनी हिशेब मांडला, की डायव्हरांच्या आवडत्या जागी फिरणारा एक शार्क आयुष्यभरात पर्यटनातून सुमारे १९ लाख डॉलर मिळवून देतो. मारून विकला तर त्याचे १०८ डॉलर येतात. असले आकडे थोडे जपूनच घ्यावेत, कारण अर्थशास्त्रज्ञ कशालाही कशानेही गुणू शकतात. पण मच्छीमाराला पटवायला ते उपयोगी पडतात, हेही खरे.

२०१५ च्या कायद्याने देशाच्या सागरी हद्दीचा ८० टक्के भाग व्यापारी मासेमारीला बंद झाला. अंमल सुरू झाला सनस्क्रीनबंदीच्याच दिवशी, १ जानेवारी २०२० ला. लगेचच करोना आला, पर्यटक शून्यावर आले आणि तिजोरी आटली. बंद केलेल्या समुद्राचा काही भाग पुन्हा खुला करावा का, यावर तेव्हापासून देशात वाद सुरू आहे. बुल पुकारणे सोपे. बुलच्या काळात गावाने खायचे काय हा प्रश्न जुन्या प्रमुखांनाही चुकला नसेल.

खाण्याचा प्रश्न पलाऊत वेगळ्या अंगानेही टोचतो. जपानी आणि मग अमेरिकी राजवटीत तांदूळ, डबाबंद मांस-मासळी आणि साखर आली, अळू मागे पडले. आज स्थूलतेचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या देशांत पलाऊची गणना होते. मधुमेह आणि हृदयविकार त्यापाठोपाठ आहेतच. पाहुण्यांना मात्र ताटात ताजा, तिथल्याच खडकावरचा मासा हवा असतो. म्हणजे प्रवाळाजवळचा मासा हॉटेलात आणि परदेशी डबा स्थानिकांच्या घरात. पर्यटकांनी खोल समुद्रातला ट्यूना खावा, प्रवाळावरचे मासे स्थानिकांसाठी राहू द्यावेत, असे संशोधकांचे म्हणणे आहे. आणि जाता जाता: पलाऊत ओळखीचे काय दिसेल, तर सुपारी. तिथे तिला ‘बूच’ म्हणतात. नागवेलीचे पान, प्रवाळ जाळून केलेला चुना आणि अलीकडे तंबाखू, असा विडा शाळकरी पोरांपासून आजीपर्यंत सगळे चघळतात. तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले. तोंडाच्या कर्करोगाशी झगडणाऱ्या आपल्या डॉक्टरांना तिथल्या डॉक्टरांची व्यथा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

बुल न मानणारा पाहुणा

पलाऊच्या किनाऱ्यावरची पांढरीशुभ्र वाळू बऱ्याच अंशी माशांच्या पोटातून आलेली असते. पोपटमासा आपल्या चोचीसारख्या दातांनी शैवालासह प्रवाळ खरवडतो, घशात दळतो आणि उरलेला चुना मागे सोडतो. कपाळावर टेंगूळ असलेला मोठ्या जातीचा एक पोपटमासा वर्षाला काही टन चुना असा दळतो. त्याच्या शिकारीला पलाऊत बंदी आहे. दळायला प्रवाळ मात्र हवेत.

१९९८ ला तळे रिकामे करणाऱ्या त्याच उष्णतेने पलाऊच्या प्रवाळांपैकी सुमारे एक तृतीयांश मारले. पाणी नेहमीपेक्षा एखादा अंश जास्त आणि काही आठवडे सलग तापलेले राहिले, की प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लवकर निवले तर जगतो, नाही तर उपासमारीने मरतो. त्याच्यापुढे कुठल्याही प्रमुखाचा बुल चालत नाही. मलम जप्त करता येते, जाळे थांबवता येते. जगातल्या धुराड्यांवर १८ हजार लोकांचा काय अधिकार?

तरी पलाऊतच एक अनपेक्षित गोष्ट सापडली. कोरोरजवळ चुनखडीच्या बेटांमध्ये दडलेल्या निक्को बेसारख्या उपसागरांत पाणी बाहेरच्या समुद्रापेक्षा कायमच जास्त उष्ण आणि जास्त आम्लधर्मी असते. शतकाअखेरीस महासागराचे जे होईल अशी भीती आहे, त्याच्या जवळपासची स्थिती तिथे आजच आहे. तरी तिथे प्रवाळांचे दाट बगीचे आहेत. २०१० मध्ये पुन्हा विरंजन झाले तेव्हा आतल्या उपसागरांतल्या प्रवाळांना बाहेरच्यांपेक्षा कमी झळ बसली. अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेच्या संशोधकांनी पुढे दाखवले, की आतल्या पोराइट्स जातीच्या प्रवाळांमध्ये उष्णता सोसणारे वेगळे आनुवंशिक वंश आहेत आणि ते बाहेरच्या खडकांवरही तुरळक रुजलेले आढळतात. पलाऊतले हे दडलेले उपसागर बाहेरच्या खडकांसाठी बियाण्याची कोठारे ठरू शकतील, अशी आशा त्यातून निर्माण झाली.

या आशेला एक भोकही आहे, अगदी शब्दशः. आम्लधर्मी पाण्यातल्या त्याच प्रवाळांच्या सांगाड्यात शिंपले आणि किड्यांनी पोखरलेली भोके बाहेरच्यांच्या तुलनेत सुमारे अकरा पट जास्त निघाली. उष्णता सोसणारा प्रवाळ आतून पोकळ होत असेल, तर वादळी लाटेपुढे तो किती टिकेल, हे त्याच संशोधकांना पडलेले कोडे आहे.

एइल माल्कच्या टेकडीवर दरम्यान जाणे-येणे सुरू आहे. तळ्यात शिरण्यापूर्वी पाहुण्यांनी बूट-फिन्स धुऊन घ्यायचे असतात, कारण बाहेरून चिकटून आलेले एक परके समुद्रफूल २००३ पासून तळ्यात पाय रोवून बसले आहे. कोरल रीफ रिसर्च फाउंडेशनची माणसेही ठरावीक काळाने तीच चढण चढतात. उभे जाळे खाली सोडून सावकाश वर ओढायचे, आत आलेले सोनेरी गोळे लहान-मोठे वेगळे करून मोजायचे आणि पुन्हा पाण्यात सोडायचे; मग पृष्ठभागापासून विषारी थरापर्यंत दर मीटरला तापमान, खारटपणा आणि प्राणवायू यांची नोंद करायची. १९९८ नंतर सुरू झालेल्या या वहीत २०१६ मध्ये जेलीफिश दिसेनासे होण्याचा काळ आहे, आणि त्याच्या आधीच्या महिन्यांत तापमानाचा रकाना वर चढत गेलेला दिसतो. पुढच्या एल निनोत त्याच रकान्याकडे आधी पाहिले जाईल.